टेबलांमधला पडदा

गेल्या अंकात मी मित्रदेशांमधल्या संरक्षण-निर्यातीच्या परवान्यांवर दोन पानं लिहिली होती. अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांनी १ सप्टेंबर २०२४पासून आपसातल्या बऱ्याचशा लष्करी मालावरची परवान्याची अट काढून टाकली, त्याबद्दल. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाचांना इथे उत्तरं देते आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते : मी मूळची मिरजेची. लग्नानंतर ॲडलेडला गेले आणि तिथे विमानदुरुस्ती आणि जहाजबांधणीला माल पुरवणाऱ्या दोन कंपन्यांत मिळून १९ वर्षं निर्यात-परवान्यांचं टेबल सांभाळलं. आता पुण्यात असते.

प्रश्न : ताई, माझं भोसरीत तीन सीएनसी मशीनचं वर्कशॉप आहे. तुमचा लेख वाचला, पण एक कळलं नाही. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया इतके जुने दोस्त, एकत्र लढलेले. मग आजवर त्यांना एकमेकांत परवाने कशाला लागत होते? आणि आता काढले म्हणजे नेमकं काय झालं? – एक उद्योजक, भोसरी

उत्तर : हाच प्रश्न मी नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वरिष्ठांना विचारला होता. त्यांनी काही न बोलता माझ्या हातात एक ब्रॅकेट ठेवला. ॲल्युमिनियमचा, अंगठ्याएवढा, दोन भोकांचा, वर ती सोनेरी-पिवळसर झाक. तुमच्या मशीनवर असा ब्रॅकेट चहा यायच्या आत निघेल. तो एका गस्ती विमानातल्या वायरिंगचा जुडगा धरून ठेवायचा. एवढंच त्याचं काम.

पण तो ‘लष्करी विमानासाठी खास बनवलेला भाग’ होता. अमेरिकेचा शस्त्रनिर्यात कायदा १९७६चा, आणि त्याखालच्या नियमांना आमच्या धंद्यात सगळे ‘आयटार’ म्हणतात. त्यांच्या यादीत २१ वर्ग आहेत. त्या काळी त्या यादीत संपूर्ण लढाऊ विमान जसं यायचं तसाच त्या विमानासाठी बनवलेला प्रत्येक भागही यायचा. माल कोणाकडे चाललाय यापेक्षा माल काय आहे हे आधी बघायचं, ही त्या नियमांची रीत. मित्राला परवाना मिळायचा, पण मागावा लागायचाच.

तर त्या ब्रॅकेटचा अर्ज अमेरिकेतल्या पुरवठादाराने भरला. बनवणारा कोण, पाठवणारा कोण, मधला फॉरवर्डर, म्हणजे माल पोचवून देणारा मध्यस्थ, कोण, शेवटी वापरणार कोण, सगळं लिहिलं. तीन आठवड्यांनी अर्ज ‘कारवाई न करता परत’ आला. कारण काय, तर फॉरवर्डरने मधल्या काळात गोदाम बदललं होतं आणि अर्जावर जुना पत्ता होता. पुन्हा अर्ज, पुन्हा रांग. पहिल्या अर्जापासून ब्रॅकेट हातात पडेपर्यंत नऊ आठवडे गेले, आणि तेवढे दिवस विमान जॅकवर उभं होतं. मी रोज सकाळी हँगरच्या दारातून जाताना ते बघायचे. त्याखाली काम करणारी मुलं मला विचारायची, “आज आलं का?” मला त्या प्रश्नाची भीती वाटायला लागली होती.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. आयटारचा एक भाग तुमच्या मालात बसला की दुधात मिठाचा खडा पडल्यासारखं होतं. बाकी सगळं ऑस्ट्रेलियात बनलेलं असलं तरी ती वस्तू तिसऱ्या देशाला विकायची, दुरुस्तीला पाठवायची, अगदी प्रदर्शनात न्यायची तरी वॉशिंग्टनची परवानगी लागते.

हे बदलावं म्हणून प्रयत्न झाले नाहीत असं नाही. २०१०च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी स्वतःच्याच सरकारच्या पद्धतीवर जाहीर टीका केली. जो सगळंच राखायला जातो तो काहीच राखू शकत नाही, हे फ्रेडरिक द ग्रेटचं वचन त्यांनी त्या भाषणात वापरलं. थोड्या वस्तू निवडा आणि त्यांच्याभोवती उंच कुंपण घाला, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून ऑक्टोबर २०१३पासून माझ्या त्या ब्रॅकेटसारखे हजारो भाग लष्करी यादीतून निघून वाणिज्य खात्याच्या यादीत गेले. तिथे मित्रदेशांना पुष्कळ सवलती आहेत.

त्याआधी, २००७मध्ये, अमेरिकेने ब्रिटनशी आणि मग ऑस्ट्रेलियाशी संरक्षण-व्यापार करार केले होते. सिनेटची संमती यायला २०१० उजाडलं, ब्रिटनचा करार अमलात आला २०१२मध्ये आणि ऑस्ट्रेलियाचा २०१३मध्ये. मला फार आशा होती. मी त्या कराराची नियमावली छापून, रंगीत चिकटपट्ट्या लावून वाचली. पण वगळलेल्या वस्तूंची यादी इतकी लांब, आणि आपला माल नक्की कुठे बसतो हे ठरवण्याची मेहनत इतकी, की आमच्याकडे शेवटी सगळे म्हणाले, जुना परवानाच मागू या, तो निदान ओळखीचा आहे. फार थोड्यांनी ती वाट वापरली.

आता २०२४चं. पाणबुड्यांसाठीची ऑकस ही तीन देशांची जोडणी २०२१मध्ये जाहीर झाली. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेच्या कायद्यात तरतूद झाली की ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचे निर्यात-नियम अमेरिकेच्या तोडीचे असतील तर त्यांना सूट द्यावी. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४मध्ये स्वतःचा कायदा कडक केला. ऑगस्टमध्ये अमेरिकेने ‘तोडीचे आहेत’ असं मान्य केलं आणि १ सप्टेंबरपासून सूट सुरू झाली. ती अशी चालते : पाठवणारा आणि घेणारा दोघंही आधी तपासून मंजूर झालेले हवेत, माल तिन्ही देशांच्या हद्दीतच राहायला हवा, वगळलेल्या तंत्रज्ञानाच्या यादीत तो नसावा, आणि प्रत्येक पाठवणीची नोंद ठेवलेली हवी. अमेरिकेतून ऑस्ट्रेलियात येणाऱ्या आयटारखालच्या मालापैकी ७० टक्क्यांहून अधिक यात येईल, असा ऑस्ट्रेलिया सरकारचा अंदाज आहे. वगळलेल्या यादीतल्या मालासाठी परवाना अजून लागतो, पण त्यालाही आता मुदत घातली आहे : सरकारांमधल्या व्यवहाराला ३० दिवस, बाकीच्यांना ४५.

एक नोंदवून ठेवते. ज्या पाणबुड्यांमुळे हे सगळं सुरू झालं त्यांच्या अणुभट्टीची माहिती या सुटीतून जात नाही. त्यासाठी तिन्ही देशांनी ऑगस्ट २०२४मध्ये वेगळाच करार केला.

मला हा बदल मनापासून पटतो. माणूस आणि कंपनी एकदा नीट पारखून घ्यावी आणि मग तिच्या प्रत्येक ब्रॅकेटमागे धावू नये. हेच आम्ही खालच्या टेबलांवरची माणसं वर्षानुवर्षं म्हणत होतो. माझी तक्रार एकच आहे, आणि ती छोट्यांसाठी आहे. मंजूर यादीत यायला कागद, वेळ आणि पगारी माणूस लागतो. अमेरिकेतल्या छोट्या कारखान्याला नुसती नोंदणी राखायला २०२५पासून वर्षाला किमान ३,००० डॉलर पडतात. मोठ्या कंपनीत माझ्यासारखी दहा माणसं असतात. तुमच्याएवढ्या वर्कशॉपचा मालक हे सगळं रात्री जेवण झाल्यावर भरतो.

प्रश्न : माझा मुलगा ऑस्ट्रेलियात विद्यार्थी व्हिसावर पीएचडी करतो. सेन्सरवर काम आहे. दोन वर्षं सगळं चांगलं चाललं होतं. आता त्याच्या मार्गदर्शकांनी सांगितलं की प्रकल्पाच्या एका भागाच्या बैठकांना तू येऊ नकोस, त्या फोल्डरमधल्या फाइलीही उघडू नकोस. पोराने हे मनाला फार लावून घेतलंय. त्याच्यावर कोणाचा संशय आहे का हो? – एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, संशय त्याच्यावर नाही. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. मी याच कामाच्या दुसऱ्या बाजूला बसलेली आहे.

आमच्या कंपनीत इस्लामपूरचा एक मुलगा होता. कुठल्या भागावर किती ताण येईल याचं गणित त्याच्याइतकं स्वच्छ कोणी करत नसे. त्याचं टेबल अमेरिकन ड्रॉइंग्ज वापरणाऱ्या गटाच्या शेजारी होतं. एक दिवस तपासणी आली. परवान्यावर ज्या देशांच्या नागरिकांची नावं होती त्यांत भारत नव्हता, आणि त्याचा पासपोर्ट भारतीय. म्हणजे शेजारच्या पडद्यावर उघडलेलं ड्रॉइंग त्याच्या नजरेला पडलं तर कायद्याच्या भाषेत ती निर्यात होत होती. काही पाठवायला नको, काही हातात द्यायला नको. दिसलं तरी पुरे.

ते काम माझ्याकडे आलं. मी राखाडी कापडाचा, खांद्यापर्यंत येणारा पडदा मागवला आणि शनिवारी सुटीच्या दिवशी त्याच्या आणि त्या गटाच्या टेबलांमध्ये उभा केला. सोमवारी तो आला, पडदा बघितला, खुर्चीवर बसला आणि संगणक चालू केला. दुपारी नेहमीप्रमाणे डबा घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या बायकोने थालीपीठ दिलं होतं. अर्धं त्याने माझ्या ताटलीत ठेवलं आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही तुमचं काम केलंत.” मला घास गिळवेना. त्या प्रसंगाचं दुःख मला आजही आहे. परवाना मागताना त्याच्या देशाचं नाव घालून घेणं शक्य होतं. ते वेळेत कोणी केलं नाही.

ऑस्ट्रेलियात नोकरीवर ठेवताना राष्ट्रीयत्वावरून भेद करायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे तिथल्या संरक्षण कंपन्यांना आयटार पाळण्यासाठी राज्यांच्या भेदभावविरोधी न्यायाधिकरणांकडून रीतसर सूट मागून घ्यावी लागली. म्हणजे बघा, दुसऱ्या देशाचा नियम पाळायचा म्हणून स्वतःच्या देशाच्या समतेच्या नियमातून सवलत. मित्रदेशांनी एकमेकांत हे नियम सुधारताना आधी या गोष्टीला हात घालायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे. झालं ते असं की तीन देशांमधली भिंत उतरली आणि त्यांच्या घराच्या आत नवी भिंत चढली.

तुमच्या मुलाला लागू झालेला नियम हा त्या नव्या भिंतीचा भाग आहे. ऑस्ट्रेलियाच्या २०२४च्या कायद्याने, नियंत्रित यादीतलं तंत्रज्ञान ऑस्ट्रेलियातच बसलेल्या परदेशी व्यक्तीला विनापरवाना देणं हाही गुन्हा केला. १ मार्च २०२५पासून त्याला शिक्षा लागू झाली, ती १० वर्षांच्या कैदेपर्यंत जाऊ शकते. अमेरिका आणि ब्रिटनच्या नागरिकांना यातून सूट आहे. शिवाय २५ देशांची एक यादी आहे, तिच्यातल्या देशांच्या नागरिकांनाही या नियमातून वगळलं आहे. जपान, दक्षिण कोरिया, न्यूझीलंड, कॅनडा, जर्मनी, फ्रान्स असे देश त्यात आहेत. भारत त्यात नाही.

मार्गदर्शक घाबरले असतील तर त्यांनाही दोष देऊ नका. अमेरिकेत टेनेसी विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला २००९मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. ड्रोनशी संबंधित संशोधनाची माहिती परदेशी विद्यार्थ्यांना हाताळू दिली, हे त्याच्यावरच्या आरोपांत होतं. त्या खटल्याची गोष्ट जगभरच्या प्रयोगशाळांत सांगितली जाते.

आता करण्यासारखं काय आहे ते. मुलाला सांगा, विद्यापीठात निर्यात-नियंत्रणाचं काम पाहणारा विभाग किंवा अधिकारी असतो, त्याला लेखी विचार : प्रकल्पाचा नेमका कोणता भाग यादीत येतो? बरेचदा असं होतं की यादीत येते एक छोटीशी गोष्ट आणि भीतीपोटी बंद केला जातो अख्खा फोल्डर. जे मूलभूत संशोधन आहे, प्रसिद्ध करण्यासाठीच चाललेलं आहे, ते ऑस्ट्रेलियाच्या या नव्या नियमातून वगळलेलं आहे. उरलेल्या भागासाठी विद्यापीठ त्याच्या नावाने संरक्षण खात्याकडे परवाना मागू शकतं. त्यांनी तो मागावा असा आग्रह धरायला त्याने संकोच करू नये. उद्या त्याला कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना मिळाला तर ऑस्ट्रेलियाच्या कायद्यापुरता तो ‘परदेशी व्यक्ती’ राहत नाही. अमेरिकेचे नियम वेगळे, तिथे त्याचं नागरिकत्व पुन्हा विचारलं जाईल.

आणि एक कळकळीने सांगते. दिवाळीला सोलापूरला येताना कामाचा लॅपटॉप विभागाला न विचारता आणू नये. त्यात यादीतली एखादी फाइल असली तर विमानात बसताक्षणी ती निर्यात होते. आईला भेटायला येणाऱ्या पोराला अशा कारणावरून उत्तरं देत बसावं लागू नये.

प्रश्न : मी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालो. मॅडम, भारतही अमेरिकेचा ‘प्रमुख संरक्षण भागीदार’ म्हणवला जातो. मग ही सूट आपल्याला का नाही? – एक निवृत्त अभियंता, नाशिक

उत्तर : साहेब, तुम्ही या धंद्यात आयुष्य काढलंत, तेव्हा १९९८ तुम्हाला मी सांगायला नको. पोखरणनंतर निर्बंध आले. तेजसच्या नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणारे आपले अभियंते परत आले. विमान पहिल्यांदा उडालं ते ४ जानेवारी २००१ला, पण मधल्या त्या अडलेल्या काळाची किंमत आपल्या माणसांनी मोजली. सी किंग हेलिकॉप्टरांचं तर आणखी वेगळं. हेलिकॉप्टर ब्रिटनमध्ये बनलेलं, आपण ब्रिटनकडून घेतलेलं. पण आत अमेरिकन भाग होते म्हणून सुटे भाग अडले आणि नौदलाची हेलिकॉप्टरं जमिनीवर राहिली. भोसरीच्या वाचकाला मी वर मिठाच्या खड्याबद्दल लिहिलं ते हेच.

तिथून आपण पुष्कळ पुढे आलो आहोत. जानेवारी २०११मध्ये इस्रो आणि डीआरडीओच्या संस्था अमेरिकेच्या निर्बंधित यादीतून निघाल्या. २०१६मध्ये आपण क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटात गेलो, डिसेंबर २०१७मध्ये शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या मालाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या वासेनार गटात, जानेवारी २०१८मध्ये रासायनिक-जैविक अस्त्रांचा प्रसार रोखणाऱ्या ऑस्ट्रेलिया गटात. त्याच वर्षी अमेरिकेने आपल्याला परवान्याच्या सवलतीतल्या पहिल्या फळीत बसवलं. पण ती सवलत वाणिज्य खात्याच्या यादीपुरती आहे. आयटारची लष्करी यादी परराष्ट्र खात्याकडे असते आणि तिथे आपल्याला प्रत्येक वेळी परवाना लागतो.

सूट का नाही, याचं माझं उत्तर असं : तीन देशांनी स्वतःचे कायदे एकमेकांशी जुळवून घेतले. ऑस्ट्रेलियाने त्यासाठी स्वतःच्या विद्यापीठांचा आणि उद्योगांचा मोठा विरोध सोसला. आपण आपला कायदा अमेरिकेच्या मापाने बेतावा असं मला वाटत नाही. आपली बरीचशी सामग्री रशियन घडणीची आहे, आणि कोणाशी काय व्यवहार करायचा हे ठरवण्याचं स्वातंत्र्य आपल्याला प्यारं आहे. त्याची ही किंमत आहे आणि ती डोळे उघडे ठेवून मोजावी. कोणी देत नाही म्हणून रुसून बसू नये.

आपण स्वतः मात्र हीच सुधारणा आपल्या बाजूने केली आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. ऑक्टोबर २०१९मध्ये संरक्षण उत्पादन विभागाने खुला सर्वसाधारण निर्यात परवाना आणला. ठरावीक सुटे भाग ठरावीक देशांना, दर वेळी नवी परवानगी न मागता. सुरुवातीच्या यादीत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, जपान, इटली, पोलंड, दक्षिण आफ्रिका असे १३ देश होते. २०२४-२५मध्ये आपली संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. त्यातला किती भाग या परवान्याच्या खात्यावर टाकायचा यावर वाद घालता येईल. पण ज्याने एकेका कन्साइनमेंटसाठी दिल्लीच्या चकरा मारल्या आहेत त्याला विचारा, तो वाद घालणार नाही.

प्रश्न : तुम्ही परवान्यांची अट गेली याचा आनंद व्यक्त केलात. मला त्याचं वाईट वाटलं. शस्त्रांच्या वाटेवर जितके अडसर असतील तितके चांगले नाहीत का? – एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमची काळजी खरी आहे आणि तिला घाईत उत्तर देता येणार नाही.

अडसर हवेत, हे मला मान्य आहे. २००७मध्ये आयटीटी या अमेरिकेतल्या बड्या कंपनीने अंधारात बघायच्या चष्म्यांची गुप्त माहिती सिंगापूर, चीन आणि ब्रिटनमधल्या कंपन्यांना बेकायदा पाठवल्याचं कबूल केलं. १० कोटी डॉलरचा दंड झाला. अंधारात कोण कोणाला बघू शकतं यावर सैनिकाचा जीव असतो. ती माहिती अडायलाच हवी होती.

पण परवाना तपासणारी माणसं किती असतात हे मी पाहिलं आहे. त्यांच्या टेबलावर ४० फाइली ब्रॅकेटच्या आणि एक फाइल त्या चष्म्यासारख्या वस्तूची असली तर सगळ्यांना सारखाच वेळ मिळतो. ब्रॅकेटच्या फाइली काढून घ्या, म्हणजे त्या एका फाइलीवर माणूस दिवसभर बसेल. मला आनंद झाला तो याचा. तीन देशांच्या बाहेर माल न्यायचा तर परवानगी आजही लागतेच, ती सूट कोणालाही नाही.

तरी तुमच्या बाजूची एक गोष्ट मी स्वतःच पुढे करते, कारण ती मला रात्री सुचते. परवान्याचा अर्ज हा असा क्षण असायचा की कोणीतरी विचारायचं, हे कोणासाठी? शेवटी वापरणार कोण? आता या तिघांमध्ये तो प्रश्न माल निघण्याआधी विचारला जात नाही. नोंदी ठेवायच्या आहेत, पण नोंदी बघितल्या जातात त्या तपासणी आली की, म्हणजे माल गेल्यावर. त्यामुळे तपासणीवर माणसं आणि पैसा वाढवला नाही तर ही सुधारणा अर्धीच राहील. परवान्यांची अट काढून वाचलेली माणसं तपासणीला लावली का, हे तिन्ही देशांच्या संसदेत विचारलं गेलं पाहिजे.

प्रश्न : आमचा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला जोडून मशीनशॉप आहे. एका ग्राहकाने परदेशी कंपनीच्या भागाचं ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि भाव मागितला. ड्रॉइंगच्या खालच्या चौकटीत इंग्रजीत लिहिलंय की यात अमेरिकेच्या शस्त्रनिर्यात कायद्याखालची माहिती आहे, परवानगीशिवाय परदेशी व्यक्तीला देऊ नये. ग्रुपवर आमचे सुपरवायझर, टर्नर धरून सहा जण आहेत. काय करावं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, पहिलं म्हणजे काम थांबवा. भाव देऊ नका, पॅटर्न करायला घेऊ नका, ड्रॉइंग आणखी कोणाला पुढे पाठवू नका. गुपचूप डिलीट करून मोकळंही होऊ नका. माझ्या अनुभवात लोक इथेच चुकतात. पुसून टाकलं की पुढे चौकशी झाल्यावर तुम्हाला दाखवायला काही उरत नाही आणि लपवल्यासारखं दिसतं. एक प्रत एकाच माणसाकडे, कुलपात किंवा पासवर्डखाली ठेवा. वहीत तारीख घाला, किती वाजता आलं, कोणाकोणाच्या फोनवर गेलं, ती सहा नावं लिहा. प्रिंट काढलेली असेल तर तीही लिहा. टर्नरला खरं काय ते समजावून सांगा. तो घाबरून फोन बदलेल असं काही करू नका.

मग ग्राहकाला ईमेल करा, फोन नको. तीनच गोष्टी विचारा. हा भाग कोणत्या यादीत, कोणत्या वर्गात येतो? ही माहिती भारतात आणायला कोणता परवाना किंवा करार आहे आणि त्यात तुमच्या कारखान्याचं नाव आहे का? आणि ड्रॉइंग परत करायचं की नष्ट करायचं ते लेखी कळवा. अमेरिकन कंपन्यांना भारतात भाग बनवून घेण्याची वाट उघडी आहे, रोज बनतात. फक्त तो परवाना माहिती निघण्याआधी हवा आणि तुमचं नाव त्यात हवं. चूक झाली असेल तर ती पाठवणाऱ्याची आहे, आणि त्याने आपण होऊन तिथल्या सरकारला कळवलं तर त्याचा विचार सौम्यपणे होतो. तुमच्या ईमेलमुळे त्यालाही ते सोपं जाईल.

आपल्या बाजूचंही बघून ठेवा. लष्करी वापराचा भाग बनवून बाहेर पाठवायचा तर तो आपल्या स्कोमेट यादीच्या (निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची भारताची यादी) सहाव्या वर्गात येतो का ते तपासायला लागेल. येत असेल तर परवानगी संरक्षण उत्पादन विभागाची लागते. वर लिहिलेला खुला परवाना तुमच्या भागाला आणि त्या देशाला लागू असेल तर काम बरंच हलकं होईल.

काही ग्राहक उत्तर देत नाहीत, “अहो, असं सगळेच पाठवतात” एवढंच म्हणतात. तसं झालं तर हे काम सोडा. ऑर्डर कितीही मोठी दिसत असली तरी सोडा. उत्तर आलं तर ते मला या पत्त्यावर कळवा, पुढच्या अंकात मी त्यावर लिहीन. ड्रॉइंग मात्र मला पाठवू नका, आणि तोवर त्या मशीनवर दुसरं काम लावा.